वेलांटीची गाय

"हॉलंडात गाय मिळत नाही, असं सांगतोस तू मला?" शैलाताईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. "उद्या म्हणशील, पुण्यात पाटी मिळत नाही."

श्रेयसने पुढच्या गोठ्याचा नंबर फिरवला. बुइटनव्हेल्डर्ट उपनगरातल्या आपल्या घराच्या स्वयंपाकघरात तो सकाळपासून फोन कानाला लावून बसला होता. गाईंची या देशात काही वानवा नव्हती. पण आईला साधी गाय नको होती, सवत्स धेनू हवी होती. म्हणजे जिवंत, हात लावता येईल अशी गाय आणि शेजारी तिचं स्वतःचं वासरू. वसुबारस चार दिवसांवर आली होती. गोठेवाले म्हणत होते, करोनामुळे बाहेरच्या माणसांना आत सोडत नाही. एकाने तर गाय दाखवायची तयारीही दाखवली, पण वासराचं विचारल्यावर तो म्हणाला, वासरू जन्मलं की आम्ही वेगळं ठेवतो. हे श्रेयसने आईला सांगितलंच नाही. घरात शांतता नांदावी असं कुणालाही वाटतंच.

वसुबारस लेकरासाठी करायची असते आणि शैलाताईंचं लेकरू एकच. जन्मला तेव्हा सुपात मावून वर जागा उरेल एवढासा होता. तेव्हापासून त्यांची वसुबारस कधी चुकली नव्हती. आदल्या वर्षी मात्र पुण्यात सगळं बंद होतं, म्हणून दामोदर गवळ्याने गोठ्यातून व्हिडिओ कॉल लावला आणि शैलाताईंनी मोबाइलच्या काचेलाच हळदकुंकू लावलं. पुढे पंधरवड्याच्या आत श्रेयस इकडे घरातल्या घरात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, चाकांच्या खुर्चीवरून पडला आणि मनगट मोडून घेतलं. तेही कॅमेरा चालू असताना.

"ऑनलाइन गाईचं पुण्य पोचलं नाही," असा शैलाताईंनी निकाल दिला होता. यंदा गाय खरीच हवी होती. व्हिसा मिळताच त्या विमानात बसल्या, इथे आल्यावर वरच्या खोलीत दहा दिवस विलगीकरणात राहिल्या, दाराबाहेर ठेवलेली ताटं निमूट घेतली. पोटचा मुलगा जिन्याच्या खालच्या पायरीवरून "आई, बरी आहेस ना?" असं ओरडून विचारायचा, तेही सोसलं. पण बाहेर आल्यावर त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांची काळजी दुप्पट झाली. मुलगा सकाळी लॅपटॉपसमोर बसायचा तो अंधार पडल्यावरच उठायचा. रंग पिठल्यासारखा झाला होता आणि पाठीला बाक आला होता. सायकल अंगणात गंजत होती.

"अरे, जरा बाहेर पडत जा."

"वर्क फ्रॉम होम आहे गं आई."

"कैदेलाही आता इंग्रजी नाव आहे वाटतं," शैलाताई म्हणाल्या.

शेवटी गाय सापडली ती श्रेयसच्या बायकोला. ऋताने वेबसाइट समोर धरली. समुद्रकाठी, वाळूच्या टेकड्यांमागे एक जुनं दुग्धालय होतं, आता संग्रहालय झालेलं. जुन्या काळचं शेतघर, लोण्याच्या घुसळण्या, चीजचे साचे, सगळं जसंच्या तसं जपलेलं. आणि दारात उभी एक काळीपांढरी गाय, तिच्या पोटाशी वासरू. फोटो कधीचा आहे हे कुणी पाहिलं नाही.

"फोन कर. इंग्लिशमध्ये बोल हं, पटकन होईल," ऋता म्हणाली.

इथेच सगळं बिनसलं. श्रेयस डच भाषेच्या परीक्षेची तयारी करत होता. या देशात तो डच बोलायला तोंड उघडायचा आणि समोरचा लगेच इंग्रजीत उत्तर द्यायचा, ही त्याची जुनी जखम होती. "आज एकही इंग्लिश शब्द नाही," त्याने जाहीर केलं. शब्दकोशात 'पूजा करणे' पाहिलं. शब्द सापडला, आनबिडन. तो त्याने जिन्यात येरझारा घालत दहादा घोकला आणि फोन लावला.

पलीकडे ट्रूस नावाच्या बाई होत्या, संग्रहालयाच्या अध्यक्षा. श्रेयसने घसा खाकरला आणि डचमध्ये म्हणाला, "मला तुमच्याकडे एक गाय आणि वासरू आनबीडन करायचं आहे."

बाईंचा आवाज कापरा झाला. "खरंच? आमच्याकडे?"

"हो. जागा आहे ना?"

"जागा? अहो, जागा रिकामीच पडली आहे! करोना आल्यापासून सगळं रिकामं!"

श्रेयसने ऋताकडे पाहून अंगठा वर केला.

"नाव काय तिचं?" बाईंनी विचारलं. पूजा करणारीचंच विचारताहेत, असं श्रेयसने धरलं.

"शैला."

"किती सुंदर! लस झाली आहे?"

"दोन्ही डोस. विलगीकरणही पूर्ण झालं."

"वा, किती जबाबदार माणसं तुम्ही! स्वभाव कसा आहे? परक्या लोकांची सवय आहे?"

डच लोक फटकळपणे काहीही विचारतात हे श्रेयसला ठाऊक होतं, त्यामुळे त्याला नवल वाटलं नाही. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सुरुवातीला बिचकते. एकदा रुळली की सगळ्यांवर हुकूम चालवते."

"आमची जुनी बर्टा अशीच होती! आणि वासरू? ते सोबतच राहील ना?"

"अर्थात. त्याशिवाय काही अर्थच नाही."

"खायला काय लागतं?"

"त्या दिवशी गहू नाही, दूध-तूप नाही. बाजरी आणि गवारीच्या शेंगा. आम्ही घेऊन येऊ."

"आणि आणणार कशी?"

"माझ्याच गाडीतून. मागच्या सीटवर. पुढे बसलं की तिला मळमळतं."

बाई, भारतात करत असतील असं, अशा सुरात म्हणाल्या, "सोमवारी दुपारी आम्ही सगळे वाट पाहू."

श्रेयसने फोन ठेवला तेव्हा त्याची छाती फुगली होती. "बघितलंस? एकही इंग्लिश शब्द नाही. आणि काय अगत्य! आईचं नाव, खाणंपिणं, सगळं विचारून घेतलं."

सोमवारी रजा टाकून तिघे निघाले. शैलाताईंनी मोरपंखी पैठणी नेसून वर ऋताचं फुगीर जाकीट चढवलं होतं. मांडीवर ताट होतं. ताटात हळदकुंकू, निरांजन, सुपरमार्केटातली शेवंती ओवून केलेले दोन हार, उडदाचे वडे, बाजरीची भाकरी आणि फ्रोझन गवारीची भाजी. सकाळपासून पोटात काळ्या चहाशिवाय काही नव्हतं.

गाडी वाळूच्या टेकड्या ओलांडून फाटकातून आत शिरली आणि ऋता म्हणाली, "श्रेयस, हे सगळं आपल्यासाठी?"

फाटकाला पताका बांधल्या होत्या. अंगणात सातआठ ज्येष्ठ नागरिक एकमेकांपासून दीड मीटर राखून अर्धवर्तुळात उभे होते. दोन बायकांनी जुन्या काळच्या पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या. स्थानिक साप्ताहिकाचा फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता. आणि दारापुढे एक लाकडी उतार लावून ठेवला होता, चांगला रुंद आणि मजबूत.

"बघ, म्हाताऱ्या माणसाला पायरी नको म्हणून उतार," शैलाताई गहिवरून म्हणाल्या. "आपल्याकडे सरकारी दवाखान्यातसुद्धा नसतो."

त्या ताट घेऊन उतरल्या आणि टाळ्या पडल्या. उंच, लालबुंद गालांच्या ट्रूसबाई पुढे आल्या, त्यांनी कोपराला कोपर लावला आणि गाडीच्या मागच्या सीटवर वाकून पाहिलं. मग डिकीमागे जाऊन पाहिलं. मग रस्त्यावर नजर टाकली.

"मागून येते आहे का?" त्यांनी श्रेयसला विचारलं.

"कोण?"

"शैला."

"ही काय शैला," श्रेयस म्हणाला.

ट्रूसबाईंनी शैलाताईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. शैलाताईंनी हसून नमस्कार केला आणि मराठी वळणाच्या इंग्रजीत विचारलं, "व्हेअर इज युवर काऊ?"

"अवर काऊ?" ट्रूसबाई म्हणाल्या. "व्हेअर इज युवर काऊ?"

काही वेळ दोन्ही बाजू एकमेकांकडे गाय मागत राहिल्या. मग एक टोपीवाल्या आजी सगळ्यांना आत घेऊन गेल्या. जुन्या गोठ्यात नवं कोरं पिवळं गवत अंथरलं होतं. घमेल्यात पाणी होतं. दावणीवर रिबिनी बांधलेली लाकडी पाटी होती आणि तिच्यावर निळ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'SHAILA'. शेजारच्या छोट्या कप्प्याची पाटी कोरी होती. वासराचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.

"अगं बाई! पाहुण्याच्या नावाची पाटी!" शैलाताई म्हणाल्या आणि दिवसभराच्या उपासाने थकवा आला होता म्हणून त्या पाटीखालीच गवताच्या गठ्ठ्यावर टेकल्या. फोटोग्राफरने सवयीने फोटो काढला.

आता श्रेयसच्या मानेवर घाम आला होता. त्याने आपली डचची प्रतिज्ञा मोडली आणि इंग्रजीत सगळं विचारून घेतलं. ऐकता ऐकता त्याचा पिठल्याचा रंग आणखी उतरून ताकाचा झाला. संग्रहालयाची बर्टा गाय टाळेबंदीत म्हातारपणाने गेली होती. प्रेक्षक नाहीत, मदतनीस घरी बसलेले, नवी गाय आणायची कशी? तेवढ्यात एका भारतीय गृहस्थाचा फोन आला की, मला तुम्हाला गाय आणि वासरू भेट द्यायचं आहे.

"भेट?" श्रेयस म्हणाला. "मी म्हणालो पूजा. आनबीडन."

"आनबीडन म्हणजे देऊ करणे," ट्रूसबाई हळूच म्हणाल्या. "पूजा म्हणजे आनबिडन."

"तेच तर म्हणालो मी. आनबीडन."

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ऋता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"काय झालंय? मला मराठीत सांग," शैलाताई गवतावरून म्हणाल्या.

श्रेयसने सांगितलं. शैलाताई पुण्याच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे ऱ्हस्व बि की पूजा, आणि दीर्घ बी की दान?"

"हो."

"आणि तू दीर्घ काढलास."

"हो."

"पाचवीत 'पाणी' पहिल्या वेलांटीने लिहिलंस तेव्हाच म्हटलं होतं मी तुला, एक दिवस ही वेलांटी तुला भोवेल." त्या गवतावरून उठल्या. "या लोकांनी पाटी रंगवली रे. उतार ठोकला. आपण ताट घेऊन आलो ते घ्यायलाच."

या गोंधळात टोपीवाल्या आजी पाहुणचाराला विसरल्या नव्हत्या. त्यांनी जुन्या चीजचे तुकडे, लोणी लावलेला ब्रेड आणि ताज्या दुधाचा पेला शैलाताईंपुढे धरला. वसुबारसेला गाईचं दूध तिच्या वासराचं, बायकांनी त्याला शिवायचं नाही. शैलाताईंनी हात जोडून मान हलवली. आजींनी घुसळणीचं ताक आणलं. शैलाताईंनी पुन्हा हात जोडले. आजींनी चीजकेक आणला.

"रागावल्या आहेत," आजी ट्रूसबाईंना कुजबुजल्या.

"नाही, वास आणि चव गेली असेल बिचारीची," दुसऱ्या आजी म्हणाल्या आणि सगळे आणखी अर्धा मीटर मागे सरकले.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. समुद्रावरून गार वारा सुटला होता. शैलाताई अंगणात येऊन टेकड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. निरांजन दोनदा विझलं होतं. "यंदाही चुकली," त्या म्हणाल्या, आणि त्यात चिडणं नव्हतं, म्हणूनच श्रेयसला ते जास्त लागलं. मनगटाचं काय, ते जुळून आलं होतं. आई गाईसाठी अर्धं जग ओलांडून आली होती आणि गाय एका वेलांटीने हुकली होती.

"क्लासला बोलवा!" ट्रूसबाई एकदम ओरडल्या.

क्लास म्हणजे कुंपणापलीकडचा शेतकरी. तो लाकडी बूट घालून आला. त्याने सगळं ऐकलं, पैठणी पाहिली, आणि आयुष्यात यापेक्षा विचित्र काही ऐकलं नसल्यासारखं डोकं खाजवलं. "गाय आहे," शेवटी तो म्हणाला. "परवाच व्याली. पण कुंपणापलीकडे येणार नाही. कागदोपत्री ती माझ्या शिवारात हवी."

"आणि वासरू?" श्रेयसने विचारलं.

क्लासने बोट दाखवलं. त्याच्या शेतात पांढऱ्या प्लास्टिकच्या घुमट्यांची रांग होती, प्रत्येकीच्या दारात एकेक वासरू मान बाहेर काढून उभं. "एकेकटी ठेवतो. आजार पसरू नये म्हणून. ती बाहेर येणार नाहीत."

"म्हणजे यांनाही क्वारंटाइन?" शैलाताई कडाडल्या. "आईपासून तोडून? आणि ताटली दाराबाहेर ठेवत असाल!"

"बादली," श्रेयसने भाषांतर करायच्या आधीच क्लास हातवाऱ्यांवरून ताटली ओळखून म्हणाला.

शैलाताईंनी श्रेयसकडे पाहिलं. श्रेयसने जिन्याच्या खालच्या पायरीकडे बघावं तसं खाली पाहिलं.

गाय आली. धिप्पाड, काळीपांढरी, पिवळ्या बिल्ल्यांच्या कानांची. ती कुंपणावरून मान काढून घुमट्यांकडे बघत हंबरत होती. तिचं हंबरणं ऐकून शैलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पदर खोचला.

"सवत्स म्हणजे काय? आईजवळ तिचं लेकरू. तिचं येत नसेल तर माझं आहे. श्रेयस, इकडे ये. गाईशेजारी उभा राहा."

"मी? आई, फोटोग्राफर आहे."

"वासराला कसली लाज? वाक जरा. वासरू एवढं उंच नसतं."

श्रेयस वाकला. शैलाताईंनी कुंपणावरून गाईच्या कपाळी हळदकुंकू लावलं, मग श्रेयसच्या. एक हार गाईच्या गळ्यात, एक श्रेयसच्या. ट्रूसबाईंनी वारा अडवायला आपला कोट पसरून धरला आणि निरांजन पेटलं. टोपीवाल्या आजींनी काही न समजता टाळ्यांचा ठेका धरला. वडा गाईला, वडा श्रेयसला. गवार दोघांनाही नको होती, पण दोघांनी खाल्ली.

परवाच वासरू दुरावलेली ती माउली. तिने आधी श्रेयसच्या गळ्यातला हार खाल्ला. मग तिची खरखरीत जीभ त्याच्या कानामागून कपाळावर, कपाळावरून चष्म्यावर फिरू लागली. तो मागे सरकला की ती हंबरायची, आणि ती हंबरली की शैलाताई म्हणायच्या, "हलू नकोस! पान्हा फुटलाय तिला." श्रेयस हलला नाही. त्या घाणेरड्या, ओल्या, ऊबदार जिभेखाली त्याला वर्षाभरात पहिल्यांदा बरं वाटलं, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही.

फोटोग्राफर चेकाळला होता. त्याला आता मुलाखत हवी होती. शैलाताईंनी श्रेयसला बाजूला घेतलं.

"'मी माझ्या मुलाची पूजा केली' असं यांच्या भाषेत सांगायचंय मला. एक वाक्य शिकव. वेलांटी मी सांभाळते."

श्रेयसने डोक्याची लाळ पुसत शिकवलं. "इक विल माइन झोन आनबिडन. मला माझ्या मुलाची पूजा करायची आहे, एवढंच मला येतं."

"आनबिडन. आनबिडन. आनबिडन," शैलाताईंनी म्हणून दाखवलं. तिन्ही वेळा बि कसा अगदी चिमटीत धरल्यासारखा ऱ्हस्व.

मग त्या पाटीच्या गोठ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. रिकाम्या गवताकडे त्यांनी एकदा पाहिलं, शेजारच्या कोऱ्या पाटीकडे पाहिलं. पदर सावरून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात त्या म्हणाल्या, "इक विल माइन झोन आनबीडन!"

ट्रूसबाईंनी "ओ!" करून दोन्ही हात गालांवर ठेवले आणि अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. क्लास येऊन श्रेयसच्या पाठीत थाप मारून गेला. एका आजींनी कुठूनसे लाकडी बूट आणून श्रेयसच्या पायांशी मोजून पाहिले. दुसऱ्यांनी ब्रश आणि निळा रंग घेतला आणि कोऱ्या पाटीवर त्याचं नाव कसं लिहायचं हे ऋताला विचारलं. ऋताने ते आनंदाने सांगितलं.

"दर शनिवारी!" ट्रूसबाई डोळे पुसत श्रेयसला म्हणाल्या. "सकाळी सातला. गाय क्लास देतोय, कागदपत्रंही तोच बघेल, झाडलोट तेवढी तुमची!"

परतीच्या वाटेवर बराच वेळ गाडीत फक्त बाजरीच्या भाकरीचा वास होता. शेवटी श्रेयसने आरशातून मागे पाहिलं. त्याचे केस एका बाजूला चाटून बसवलेले होते.

"आई, शेवटी तुझीही वेलांटी चुकलीच ना? पूजा म्हणायचं होतं, तू चक्क मला दान करून टाकलंस."

शैलाताई मागच्या सीटवर निवांत टेकल्या होत्या. कपाळावरचं कुंकू वाऱ्याने नाकापर्यंत आलं होतं.

"आयुष्यभर मराठी शिकवलं मी," त्या म्हणाल्या. "माझी वेलांटी चुकत नसते. आणि शनिवारी जुने कपडे घाल."